दासोहाचे दूध

मेहकर, तालुका भालकी
९ डिसेंबर २०२४

डॉ. मल्लेश्वरी यांस,

हे पत्र टपालाने येत आहे, याचे कारण तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या फोनवर माझा क्रमांक बंद केलास. तेव्हा तुझ्यापर्यंत मजकूर पोचवायचा तर कागदाखेरीज मार्ग उरला नाही. नेदरलँड्समधला तुझा पत्ता तुझ्या आईने, शिवम्मांनी दिला. त्यांनी तो फोनवर ऐकून कन्नड लिपीत उतरवला होता, आणि रस्त्याच्या नावाची अवस्था अशी झाली होती की तो रस्ता बहुधा कलबुर्गीतच निघाला असता. मी तो नकाशावर पडताळून शुद्ध केला. पत्र पोचले तर त्याचे श्रेय कृपया डच टपालखात्याला देऊ नकोस.

क्षेमकुशल विचारण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही, यावर आपले एकमत होणार नाही. म्हणून तो भाग सोडते. कामाचे लिहिते. जिवाणूंना उसाचा रस पाजायचा, त्यांच्या पोटात प्लास्टिक तयार करवून घ्यायचे, आणि तेही असे की मातीत पुरले तर त्याची माती व्हावी, ही कल्पना आपल्या दोघींची होती. तू निघून गेलीस म्हणून तुझा अर्धा वाटा माझा होत नाही. त्या वाट्याला माहिती मिळणे क्रमप्राप्त आहे.

गुऱ्हाळामागची पत्र्याची शेड तुझ्या वडिलांनी, अप्पांनी, परत मागितलेली नाही. टाकी जशी आपण बसवली तशीच आहे, फक्त अधिक स्वच्छ. तुझी पुसण्याची पद्धत मला कधीच पसंत नव्हती. सकाळी चरक सुरू होण्यापूर्वी मी शेड उघडते. पहिला अर्धा तास टाकीत हवा बुडबुडण्याचा आवाज तेवढा असतो. मग बाहेर उसाच्या गाड्या येतात आणि अप्पांचा आवाज सगळ्यांवर चढतो. मी सुखात आहे. हे वाक्य मी दोनदा तपासले; ते बरोबर आहे.

गावाचा समज अर्थातच निराळा आहे. किण्वनाचा आंबूस वास आणि बंद दार, एवढ्या पुराव्यावर आपण दारू गाळतो असा निष्कर्ष निघाला. मागच्या आठवड्यात उद्धवराव सकाळीच स्टीलचा ग्लास घेऊन दारात उभे राहिले. “बाई, जरा चवीपुरतं.” अप्पा तिथेच होते. ते म्हणाले, “उद्धवा, त्यात नशा असती तं लिंगधारी मानसानं शेड दिली असती का? पी, पी. किडे हायत त्यात. पोटात तुज्या पिशव्या तयार व्हतील.” उद्धवराव ग्लास उपडा करून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. औरादच्या मंगलताई तुला आठवतील. बचत गटाच्या बायकांना घेऊन रोपवाटिका चालवतात, आणि बोलताना समोरच्याचे वाक्य कधी पूर्ण होऊ देत नाहीत. मी त्यांना आपल्या रोपांच्या पिशव्यांचे नवे नमुने दाखवायला गेले होते. त्यांनी एक पिशवी हातात चुरगाळली, ती तडकली, आणि मी स्पष्टीकरणाला सुरुवात करताच त्या म्हणाल्या, “मॅडम, पिशवी कामून करायलाव तुमी? पिशवी बाया दातानं फाडतेत अन् बांधावर फेकतेत. मला कुंडी द्या. रोप कुंडीसगट खड्ड्यात जाऊ द्या. फुटली तं फुटली, मातीतच जायलीय न्हवं?”

ज्या ठिसूळपणावरून आपण दोघी भांडलो, तो गिऱ्हाइकाच्या लेखी गुण निघाला. म्हणून आपल्यात कोण बरोबर होते हा प्रश्न सुटत नाही. नमुना लवचीक व्हावा म्हणून तू त्यात बाजारातले साधे प्लास्टिक मिसळलेस आणि वर ‘मातीत विरणारी’ असे छापलेस. मी ती पिशवी नमुने पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर फाडली आणि का फाडली तेही सांगितले. आज तीच पिशवी पुढे आली तर आजही फाडीन.

मंगलताईंना कुंड्या फेब्रुवारी संपण्यापूर्वी हव्या आहेत. त्यानंतर शेवग्याचे बी पेरावेच लागते. तोवर कुंड्या पोचल्या नाहीत तर त्या नेहमीच्या काळ्या पिशव्या आणतील, आणि मार्चमध्ये गुऱ्हाळ थंडावले की आपल्याला रसही मिळणार नाही. दुसरे गिऱ्हाईक नाही. थोडक्यात, हा हंगाम साधला तर काम उभे राहील, नाही तर दोन उच्चशिक्षित बायकांचा छंद म्हणून त्याची आठवण राहील.

आजवर मी चाचण्यांसाठी बसवकल्याणकडची काकवी आणत होते. अप्पांना ते कळले तेव्हा शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, “अक्का, लेकीचं काम माज्या शेडात, अन् काकवी दुसऱ्याची? लोकं काय मनतील? जगदेवप्पाचा चरक मोडला मनतील.” मी त्यांच्याकडून नमुना घेतला, तपासला; निर्दोष होता. पाण्याच्या ताणाने वाळत आलेला ऊस, त्याचा गूळ बसत नाही, काकवीच तेवढी होते. गुळाला निरुपयोगी, म्हणून स्वस्त. आणि जिवाणूंना तर गूळ बसण्याशी काही देणेघेणे नाही. पुढचा सगळा माल अप्पांच्याच काहिलीतून येईल असे ठरले आहे.

त्यांनी तुझ्याबद्दल विचारले नाही. “हाती घेतलेलं कायक अर्ध्यात टाकून जायलीस,” हे, कामालाच पूजा मानणाऱ्या माणसाचे, तुला उद्देशून शेवटचे वाक्य होते, आणि तेव्हापासून तू आईशी बोलतेस पण त्यांच्याशी नाही, हे शिवम्मांकडून कळले. याबाबत माझे मत आहे. तू विचारलेस तर सांगेन.

स्नेहल


मेहकर
६ जानेवारी २०२५

डॉ. मल्लेश्वरी यांस,

तुझ्या उत्तराची अपेक्षा नव्हती; ती तंतोतंत पूर्ण झाली.

अप्पांच्या काकवीवरचा पहिला मोठा घाणा फसला. रविवारी मी टाकीतला थेंब काचपट्टीवर घेतला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रत्येक जिवाणूच्या पोटात काळे ठिपके दिसायला हवे होते. ते ठिपके म्हणजेच आपले प्लास्टिक. एकही नव्हता. जिवाणू मात्र असे माजले होते, असे दाटले होते, की लग्नाच्या पंगतीला बोलावल्याप्रमाणे गर्दी. खाऊन पिऊन तृप्त, आणि पदरी काही नाही.

तुला शिकवण्याची गरज नाही. तरी लिहिते, कारण लिहिताना माझे विचार सरळ रेषेत येतात. पहिल्या टप्प्यात आपण साखरेबरोबर मोजून नत्र देतो, जिवाणू वाढतात. मग नत्र तोडतो आणि नुसती साखर देत राहतो. वाढता येत नाही, खायला मात्र भरपूर आहे, अशा अवस्थेत ते उद्याची सोय म्हणून साठवू लागतात. ती साठवण आपण काढून घेतो. या वेळी नत्र तुटलेच नाही. मी द्यायचे थांबवले तरी कुठून तरी येतच राहिले.

कुठून, तेही शोधले. पिंपातली काकवी तपासली. तिच्यात नत्र भरपूर. डिसेंबरचा नमुना मी जपून ठेवला होता, तो पुन्हा तपासला. त्यात जवळजवळ नाहीच. ऊस तोच, शेत तेच, काहील तीच. नमुना शुद्ध आणि माल दूषित. याला एकच सरळ स्पष्टीकरण आहे: रिकाम्या झालेल्या युरियाच्या पिंपांत काकवी भरली गेली. भरण्याचे काम गुळव्या गुंडेरावांकडे असते. पावसाळ्यात त्यांच्या दारात तसली निळी पिंपे मी स्वतः पाहिली आहेत.

उद्या सकाळी त्यांना विचारणार आहे. शब्द निवडून ठेवले आहेत.

स्नेहल


मेहकर
१९ जानेवारी २०२५

मल्लेश्वरी,

निवडून ठेवलेले शब्द वाया गेले.

गुंडेराव काहिलीखाली चिपाडे सारत होते. मी विचारले, “गुंडेराव, या पिंपांत आधी युरिया होता का?”

त्यांनी हातातले चिपाड खाली ठेवले. “बाई, या काहिलीच्या धुरात माजे केस पिकले. युरियाच्या पिंपात काकवी भरीन का मी? त्यापरीस माज्या हाताला लकवा मारू दे. निळी पिंपं धुनं धुवायला हायत. इचारा माज्या बायकोला. न्हाई, नका इचारू. ती मलाच धुवायलीय सकाळपासून.”

“मग काकवीत काय मिसळले?”

“मी कायबी न्हाई मिसळलं. मालकानं घातलं.”

“काय घातले?”

“दूध. चांगले कॅनचे कॅन. अन् मळी काडू दिली न्हाई. मनले, ही दासोहाची काकवी हाय, हिच्यातलं कायबी उपसून टाकायचं न्हाई.”

मी त्यांची क्षमा मागितली नाही, कारण उपलब्ध पुराव्यावर माझा संशय वाजवी होता. त्यांना एक चहा पाजला. त्यांनी तो क्षमेसारखा स्वीकारला, हा त्यांचा प्रश्न.

दासोहाची काकवी. तुझ्या घरात येईल त्याला जेवू घालण्याचे व्रत आहे हे मला माहीत होते. बसवजयंतीला तुमच्या अंगणात मी पंगतीला बसले आहे. त्या दिवसाची काकवी निराळी करतात, ती दूध घालून निवळतात, आणि दूध पडल्यावर मळी काढत नाहीत, कारण दासोहासाठी म्हणून जे काहिलीत पडले ते बाहेर फेकायचे नसते; दुधातले नत्र मग काकवीतच राहते. ही तुमच्या घरची रीत मला माहीत नव्हती. तुला होती. तू इथे असतीस तर काचपट्टीकडे एकदा पाहून म्हणाली असतीस, ‘अप्पांनी दूध घातलं.’ आणि घाणा वाचला असता. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. केवळ नोंदवते.

मला ती रीत का माहीत नव्हती, तेही नोंदवते. माझे वडील रत्नपाल तरुणपणी तुझ्या आजोबांच्या गुऱ्हाळात ऊस भरायला होते. चरकापर्यंत त्यांचे काम, काहिलीकडे नाही. दासोहाची काकवी शिजे त्या दिवशी तर त्यांना आणि आमच्या वस्तीतल्या इतरांना सुट्टीच असे. सुट्टी का, हे कोणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. पंगतीत बसवायचे, पण काहिलीपाशी नाही. तुझ्या आजोबांच्या तोंडी बसवण्णांची वचने असत आणि ती ते फार सुंदर म्हणत, असे वडील आजही सांगतात. त्यांच्या सांगण्यात कडवटपणा नसतो. तो माझ्याकडे आला.

आणि आता जगदेवप्पांनी तीच काकवी कोणासाठी शिजवली? वस्तीतल्या रत्नपालच्या मुलीच्या टाकीसाठी. नमुना दिला तेव्हा तो नुसता व्यवहार होता, साधी काकवी पुरली. माल द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ठरवले की हे लेकीने अर्ध्यावर टाकलेले कायक आहे, ते आपण पुरे करायचे, आणि करायचे तर दासोहासारखे. मला सांगितले नाही, कारण दासोह सांगून करत नाहीत.

आता प्रश्न असा, की अप्पांना सांगावे की नाही.

न सांगता बसवकल्याणहून काकवी आणता येईल आणि त्यांची पिंपे गुपचूप रिकामी करता येतील. कुंड्या वेळेत होतील, अप्पा आनंदात राहतील. पण ते खोटे होईल. मी खोटे बोलत नाही ही माझी ख्याती झाली ती तुझ्याच खर्चाने. आता ती अप्पांसाठी मोडली तर तुझ्यावर अन्याय होईल. आणि सांगावे, तर त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा केवळ आमच्यासाठी म्हणून जे शिजवले, तेच मी ‘अशुद्ध’ म्हणून परत केले असे होईल. तो शब्द आमच्या घराला फार जुना ओळखीचा आहे. तो मी उलट्या दिशेने वापरावा, हे मला सोसणार नाही.

तू त्यांची मुलगी आहेस. सांग. टपालाला लागणारा वेळ आणि फेब्रुवारी यांचा मेळ बसत नाही, हे मला कळते. तरीही विचारते.

स्नेहल


मेहकर
२ फेब्रुवारी २०२५

मल्लेश्वरी,

तुझी वाट न पाहता मी सांगितले. घडले तसे लिहिते.

अप्पा चरकाजवळ बाजेवर बसले होते. मी उभ्याने बोलले. बसून बोलले असते तर मधेच गुळमुळीत झाले असते.

“अप्पा, घाणा फसला.”

“व्हय, गुंड्या मनला. कामून फसला?”

“दुधामुळे.”

चरकात ऊस भरणारा माणूस थांबला. अप्पांनी हातानेच त्याला ‘चालू दे’ म्हटले. मग म्हणाले, “म्हंजी माजं दूध नासलं तुमच्यात.”

“नासले नाही. चुकीच्या वेळी आले.”

“दुधाला कसली वेळ, अक्का? दूध कवाबी चांगलंच.”

“लहान लेकराला चांगले. वाढायचे असते तेव्हा. आमच्या जिवाणूंनाही सुरुवातीला वाढायचेच असते. तेव्हा तुमचे दूध त्यांना अमृत आहे. पण एकदा वाढले की त्यांचे दूध तोडावे लागते. तोडले नाही तर ते वाढतच राहतात, साठवत काही नाहीत. आम्हाला त्यांची साठवण हवी आहे.”

अप्पांनी जरा विचार केला. “म्हंजी आदी दूध, मागनं उपास.”

“उपास नाही. साखर द्यायची, दूध नाही.”

“मग फराळ मन की. मी बी एकादशीला त्येच करताव.” आणि हसले. मल्लेश्वरी, लिंगायत माणूस एकादशी करतो का, असे मी विचारणार होते; विचारले नाही. बाजेच्या मागे शिवम्मा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “शिवरात्र मना. एकादशी कवा केली तुमी? शिवरात्रीला बी फराळ चार डाव करताव.”

हे सगळे रीतसर ठरवण्यासाठी मी पुढे म्हणाले, “तेव्हा पहिल्या टाकीपुरतीच काकवी दुधाची द्या. नंतरची साधी, आणि तिची मळी पूर्ण काढलेली. दूध किती घालायचे ते मी मोजून सांगते.”

इथे ते अडले. “साधी करताव. मळी बी काडताव. पन मोजून न्हाई. दासोहाला माप नसतंय, अक्का.”

“टाकीला असते, अप्पा.”

“हौदु, व्हय, टाकीला आसंल. माज्या हाताला न्हाई.”

मला सांगायला हरकत नाही, पोत्यातले अमोनियम मीठ हेच काम स्वस्तात, काटेकोरपणे आणि कोणाशीही वाद न घालता करते. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलीनेही तेच निवडले असते. मी म्हणाले, “ठीक. तुम्ही हाताने घाला. किती पडले ते मी नंतर टाकीतून तपासून काढीन आणि दूध तोडायची वेळ त्यावरून ठरवीन. माप तुमच्या हाताला नाही, माझ्या चाचणीला.”

“आसं बोल की मग,” ते म्हणाले, जणू हे मीच इतका वेळ अडवून धरले होते.

मंगळवारी सकाळी दासोहाची काकवी चढली. मी शेडमध्ये होते. गुंडेराव बोलवायला आले. “मालक बलवायलेत. काहिलीपाशी.” गेले. काहिलीत रस तांबूस होऊन उसळत होता. अप्पांनी दुधाचा कॅन माझ्यापुढे सरकवला. “घाल,” म्हणाले. एवढेच. मीही काही विचारले नाही. कॅन जड होता. दूध रसावर पांढरे फुटले आणि बघता बघता आत गेले. किती घातले ते मी मोजले नाही, आणि हे वाक्य माझ्या हातून लिहिले जात आहे याचे मला आश्चर्य वाटते.

संध्याकाळी घरी वडिलांना सांगितले की मी कुठे उभी होते आणि काय केले. ते जेवत होते. घास संपवून म्हणाले, “धूर लई लागतंय तिथं.” मग आई वाढायला आली तेव्हा म्हणाले, “तिला थोडी काकवी आनायला सांगायची व्हती.”

दुसऱ्या दिवशी शिवम्मांनी तांब्याभर पाठवली. मी मागितली नव्हती.

आता टाकी लागली आहे. उद्या-परवा दूध संपेल, मग साधी काकवी. यश आले की नाही ते कळवीन. अपयश आले तरी कळवीन. पण त्या पत्राला शब्द कमी लागतील.

स्नेहल


मेहकर
३ मार्च २०२५

मल्ली,

आधी कामाचे.

काळे ठिपके आले. थेंब काचपट्टीवर घेतला आणि रंग दिला, तेव्हा एकेक जिवाणू असा गच्च भरलेला की त्याची कड दिसेना. मी तो नमुना पुन्हा घेतला, टाकीच्या दुसऱ्या थरातून. मग तिसरा, कारण दोन नमुने म्हणजे योगायोगही असू शकतो. तिन्ही सारखे. नत्र तुटण्याची वेळ मी चाचणीने ठरवली होती आणि ती बरोबर निघाली. अप्पांच्या बेहिशेबी दुधातून हिशेबी परिणाम काढता आला, याचा मला जो अभिमान वाटतो तो मी इथे लपवत नाही.

पुढे गाळणे, जिवाणू फोडणे, धुणे. वाळवल्यावर पांढरीशुभ्र भुकटी हाती आली. अप्पांनी ती चिमटीत धरली, पाहिली, आणि म्हणाले, “रवाळ तुपावानी दिसायलंय.” मी म्हणाले, खाऊ नका. त्यांनी जिभेला लावलेली होती.

त्या भुकटीत चिपाडाची पूड घालून ती साच्यात दाबली आणि कुंड्या केल्या. रंग उसाच्या सालीसारखा. पहिल्या खेपेच्या कुंड्या मी बाद केल्या, कडा असमान होत्या. गुंडेरावांनी त्या घरी नेल्या आणि आता त्यांच्या बायकोच्या तुळशीचे पाच नवे अवतार दारात उभे आहेत. एक निळ्या पिंपाशेजारी ठेवली आहे, मला दिसावी म्हणून.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी कुंड्या औरादला पोचवल्या. मंगलताईंनी प्रास्ताविकाचे दोन शब्द बोलू दिले नाहीत. एक कुंडी उचलली आणि सरळ जमिनीवर टाकली. ती तडकली. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मंगलताईंनी तुकडे गोळा केले, वाफ्यात पुरले, पाण्याचा झारा फिरवला आणि म्हणाल्या, “आता ही पावसाळ्यात हितं सापडली तं तुमाला परत बोलवीन. न्हाई सापडली तं आनखी मागवीन.” एका म्हातारीने विचारले, “ह्याला खत मनायचं का भांडं?” मंगलताई म्हणाल्या, “आदी भांडं, मागनं खत. आपल्या सासवावानी.” बाया हसून हसून वाकल्या. मी तिथे हसले नाही. परतीच्या बसमध्ये हसले.

शेवग्याचे बी त्याच दुपारी कुंड्यांत पेरले गेले. काळ्या पिशव्यांचा गठ्ठा कोपऱ्यात बांधलेलाच होता. मंगलताईंनी तो उचलून माळ्यावर फेकला. काम उभे राहिले, मल्ली. त्यांनी पुढच्या वर्षाची मागणी तोंडी सांगितली आहे आणि ती मी लेखी मागितली आहे.

आता तुझ्याविषयी. मागच्या आठवड्यात माझ्या फोनवर तुझ्या क्रमांकाचा संदेश आला. दोन वर्षांनी. नमस्कार नाही, चौकशी नाही, भांडणाचा उल्लेख नाही. एकच ओळ:

‘दूध गायीचे होते की म्हशीचे?’

मी ती ओळ वाचली आणि शेडमध्ये स्टुलावर बसले. गायीच्या आणि म्हशीच्या दुधातल्या नत्रात फरक असतो, हे मला पदवीपासून ठाऊक आहे. काकवी तपासली, नत्र मोजले, गुंडेरावांना धारेवर धरले. पण हा प्रश्न मला सुचला नाही. तुला तिथे, त्या थंडीत, माझे पत्र वाचता वाचता सुचला. बाकी माझ्या पत्रात जे काही होते त्यावर तुझे काय मत आहे, ते मी या प्रश्नातून समजून घेतले आहे.

ताबडतोब उत्तर दिले नाही. आधी अप्पांकडे गेले. ते चरकाच्या लोखंडी लाटांना वंगण घालत होते; हंगामाचा शेवटचा आठवडा. मी म्हणाले, “मल्लेश्वरीचा निरोप आला आहे.”

त्यांनी वर पाहिले नाही. “काय मनायलीय?”

मी वाचून दाखवले.

वंगणाचा हात थांबला. मग म्हणाले, “म्हंजी पोरगी कामातच हाय.”

“हो, अप्पा.”

“मी मनलो व्हतो, अर्ध्यात टाकून जायलीस. न्हाई टाकलं तिनं.” चिंधीला हात पुसले, पुन्हा पुसले. “पन तुला कामून इचारलं? तुला म्हशीचं काय कळतंय? म्हस माजी हाय. मला इचारावं की.”

मागून शिवम्मा कन्नडात काही तरी म्हणाल्या. अप्पांनी खिशातून फोन काढून बाजेवर ठेवला, पडदा वर करून, हात पोचेल असा. मी निघून आले तेव्हाही तो तिथेच होता, आणि ते त्याच्याशेजारी बसून वंगणाची बाटली पुसत होते, जी आधीच स्वच्छ होती.

पिशवीविषयी माझे मत बदललेले नाही. तुझेही बदलले नसेल. त्यावर भांडायला पुढच्या हंगामात पुरेसा वेळ असेल. चरक नोव्हेंबरात सुरू होतो.

सोबत फुटलेल्या कुंडीचा एक तुकडा पाठवते. तिथल्या मातीत पूर. थंड मातीचे निरीक्षण माझ्याकडे नाही, आणि ते केवळ तूच करू शकतेस.

आणि तुझ्या प्रश्नाचे उत्तर: म्हशीचे. किती, ते मला माहीत नाही. अप्पा आपल्या हाताला माप लावू देत नाहीत. मी एकदा प्रयत्न केला आणि हरले. ते काम मी तुझ्यासाठी ठेवले आहे.

तुझी,
स्नेहल